तशेंच साहेब

डिचोलीच्या लेबर ऑफिसातले आमचे इन्स्पेक्टर साहेब कामगाराची जबानी घेताना खोकलासुद्धा लिहून घेत. ‘(येथे खोकला.)’ असा कंस करून. एका जबानीत मी वाचले होते : ‘मुकादमाने मला गाढव म्हटले. मी त्याला काय म्हटले ते सांगत नाही.’ दुसऱ्या कोणी हे वाक्य गाळले असते. साहेबांनी त्याखाली सही घेतली होती.

ऑफिसात त्यांना सगळे ‘तशेंच साहेब’ म्हणत. कारण त्यांचे ठरलेले वाक्य होते, “तशेंच बरय.” या वाक्याने एका माणसाची नोकरी जवळजवळ घालवली. त्यात माझाही हात होता.

मी बेळगावची. लग्न होऊन पार्सेला आले आणि पाठोपाठ या ऑफिसात कारकून म्हणून लागले. गोव्याला राज्याचा दर्जा नुकताच मिळाला होता. कागद कोकणीत लिहायचा की मराठीत, यावर जेवणाच्या सुट्टीत डबे थंड होईपर्यंत वाद चाले. साहेब पेडण्याचे. ते जेवून हात धुवून येत आणि म्हणत, “भास सरकाराची आसूं. उतरां मात ताचीं.” म्हणजे भाषा सरकारची असू दे, शब्द मात्र त्या कामगाराचे हवेत. मग वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

चौकशी तेच करत, आणि मालक-कामगारांना समोरासमोर बसवून समेटही तेच घडवत. मोरजीच्या एका हॉटेलवाल्याने त्यांना सांगितले, “हे कामगार नव्हेत साहेब, सगळे माझे भाऊ.” साहेबांनी वही काढली. “आवय एकूच?” म्हणजे, सगळ्यांची आई एकच का? अहवालात आले : ‘मालकास अकरा भाऊ. आडनावे अकरा. आईबद्दल मालक सांगत नाही.’

माझ्या पहिल्याच आठवड्यात मारुती आला. गडहिंग्लजकडचा, इथल्या एका कारखान्यात मशीनवर होता. आई आजारी म्हणून गावी गेला, आठ दिवसांनी परतला, तर गेटवर त्याला सांगितले, तू काम सोडलेस. बायको-पोरे इथेच भाड्याच्या खोलीत. त्याला दुसरे काही नको होते, फक्त मशीन परत हवे होते.

साहेबांनी जबानी मला लिहायला सांगितली. मारुती म्हणाला, “आई लई आजारी हाय म्हटल्यावर फोरमन सायबास्नी म्हटलं, येतो. आन् गेलो.” माझे मराठी शाळेपासून चांगले. मी लिहिले, ‘मातोश्री अत्यवस्थ असल्याने मी फोरमन साहेबांचा निरोप घेऊन गावी निघून गेलो.’ तेवढ्यात साहेबांना फोन आला. उठता उठता ते मारुतीकडे बोट करून मला म्हणाले, “तशेंच बरय.”

मी ऐकले, ‘तसंच बरंय.’ पहिल्याच आठवड्यात शाबासकी मिळाली म्हणून उरलेली जबानी मी आणखी सुबक लिहिली. मारुतीने सही केली. वाचायला त्याला जमत नव्हते. सही जमत होती. मी त्याला वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, “झ्याक लिवलंय बाई.”

समेटाच्या बैठकीत कंपनीतर्फे मॅनेजर आले. वकिलाला आत बसायची कायद्याने मुभा नव्हती, म्हणून कंपनीचे वकील बाहेर बांकावर बसत आणि मॅनेजरांना फार तहान लागे. दर दहा मिनिटांनी ते पाणी प्यायला बाहेर जात आणि नवा मुद्दा घेऊन परत येत. साहेब मला सांगत, “बाय, जनेल उकतें दवर. वकिलाक आयकूंक येवंक जाय.” वकिलाला ऐकू यायला हवे, म्हणून खिडकी मी उघडीच ठेवत असे.

तिसऱ्या तहानेनंतर मॅनेजर म्हणाले, “निरोप घेतला, असं हा स्वतःच म्हणतो. निरोप घेतला म्हणजे काम सोडलं. पणजीच्या लेबर कोर्टातही हाच कागद जाईल.”

साहेबांनी कागद वाचला. मग माझ्याकडे पाहिले. मी हळू आवाजात म्हटले, “साहेब, तुम्हीच तसंच बरंय म्हणालात.”

“बरय म्हळ्यार लिही,” साहेब म्हणाले. म्हणजे तो बोलतो तसेच लिही, असे त्यांनी मला सांगितले होते. थोडा विचार करून पुढे म्हणाले, “म्हणजे चूक कोणाचीच ना. घरा मात मारुती वतलो.” घरी मात्र मारुती जाणार.

मारुती भिंतीला टेकून उभा होता. त्याला यातले काही कळले नव्हते. तो अजून माझ्याकडे भल्या बाईकडे पाहावे तसे पाहत होता.

साहेब मॅनेजरांना म्हणाले, “हे शब्द माझ्या ऑफिसचे आहेत, त्याचे नव्हेत. त्याचे कोणते, ते तुमच्याच फोरमनला विचारू.” फोरमन इथल्याच सर्वण गावचा, मॅनेजरांबरोबरच आलेला. साहेबांनी वही उघडली आणि जाताना मारुती काय म्हणाला, ते त्याला विचारले.

“वतना हो कितें म्हणलो?”

“‘येतो’ म्हणून सांगलें ताणें.”

“आनी तुवें?”

“हांवें ‘यो’ म्हळें.”

“‘वच’ म्हणूंक ना?”

फोरमनला प्रश्नच विचित्र वाटला. “घरा वचपी मनशाक ‘वच’ कशें म्हणप, साहेब?” घरी निघालेल्या माणसाला ‘जा’ कसे म्हणायचे?

साहेबांनी सगळे लिहून घेतले आणि मॅनेजरांकडे वळले. “हा येतो म्हणाला. तुमचा माणूस ये म्हणाला. आता तो आला आहे.”

खिडकीबाहेर कोणीतरी खोकले. साहेबांनी तेही लिहिले.

मॅनेजरांना पुन्हा तहान लागली. या वेळी ते बराच वेळ पाणी पीत होते. परत येऊन म्हणाले, “सोमवारपासून पाठवा.” वकील जाता जाता मला म्हणाले, “बाई, अक्षर छान आहे तुमचं.”

साहेब मला रागावले नाहीत. त्या दिवसापासून मी फसव्या शब्दांची यादी ठेवू लागले. पहिला शब्द ‘बरय’. ती यादी आजही माझ्या खणात आहे. साहेबांची खुर्चीही पुढे माझ्याकडेच आली. माझ्या जबान्यांत खोकले असतात.

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषण केले नाही. चष्म्याची डबी खिशात टाकली आणि दारातून म्हणाले, “येतां, बाय.” मी म्हटले, “या.” आठवड्यातून एकदा ते खरेच येत, बांकावर बसून कोणाची ना कोणाची जबानी ऐकत. मग येणे थांबले, आणि यंदा पेडण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला.

आमच्या नव्या कारकुनाने फलकासाठी मजकूर लिहून आणला : ‘साहेबांनी जगाचा निरोप घेतला.’ अक्षर छान होते. मी ते वाक्य खोडले आणि त्याला नवे सांगितले : ‘साहेब येतां म्हणून गेले. आम्ही या म्हटले होते.’

तो पेन धरून थांबला. “बाई, फलकावर असं कोण लिहितं?”

“तशेंच बरय,” मी म्हटले.