पाच सीसी

पणतवाच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण उघडलं, की त्या गोडसर वासाबरोबर नगरचा एक दवाखाना आठवतो आणि आजही माझं डोकं तापतं.

लढाईचे दिवस होते. तापाने फणफणलेली एक वर्षाची लेक घेऊन मी सोनईहून मोटारीने आले होते. डॉक्टरांनी तपासलं आणि कंपाउंडरने खिडकीतून बाटली पुढे सरकवली.

“पाच सीसी, तीन वेळा.”

“सीसी म्हंजी किती?”

“एक चमचा.”

“कोन्ता चमचा?”

“चमचा म्हणजे चमचा. व्हा पुढं, बाई.”

मागची रांग हसली. आपणच अडाणी, असं वाटून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी वाटेत लेकीला पाणी पाजायला घेतलेला घरचा पितळी चमचा मी खिडकीत ठेवला. “ह्यात वतून दावा, मग जाते.”

त्याने रेघांच्या पेल्यात पाच सीसी पाणी मोजलं आणि कुरकुरत चमच्यात ओतलं. चमचा जेमतेम अर्धा भरला.

“मग अर्धा द्या,” खाली बघत तो म्हणाला.

लेक आठ दिवसांत बरी झाली. राग मात्र गेला नाही, कारण मी दारापर्यंत पोचले नाही तोच तो मागच्या बाईला सांगत होता, “एक चमचा, तीन वेळा.”

मी माघारी वळले आणि चमचा पुन्हा खिडकीत ठेवला. “हिला बी मोजून दावा.” तापलेलं लेकरू कडेवर घेऊन, रांग संपेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.