आजच्यापुरता ऑक्सिजन

पोस्टिंगचा आदेश आला तेव्हा मी वर्तकनगरला घरी सुट्टीवर होतो. माझ्या बायकोला, रीनाला, सहावा महिना लागला होता. त्याआधी दोनदा बाळ पोटातच गेलेलं. नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंनी या वेळी "जपा" एवढंच सांगितलं होतं आणि मी त्या एका शब्दाचे नाही नाही ते अर्थ काढत बसलेलो.

मी सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो, रँक नाईक. ज्या पलटणीला जोडतील तिच्याबरोबर जायचं, जवानांची तब्येत बघायची, आणि वेळ आली तर डॉक्टरच्या हातात पडेपर्यंत माणूस जिवंत ठेवायचा. असं काम करणारा माणूस शांत डोक्याचा असेल असं लोकांना वाटतं. मी नव्हतो. आजारी माणूस समोर असला की माझे हात चालायचे. समोर कोणी नसलं की डोकं चालायला लागायचं. कळशी भरताना, दाढी करताना, रिक्षात बसल्यावर, सारखं पुढचं दिसायचं. बर्फामुळे मी वेळेवर पोचलो नाही तर? याही वेळी तसंच झालं तर? रीनाला कोण सांभाळेल?

निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही मिस्साला गेलो. आमच्या चर्चमध्ये सकाळची मिस्सा मराठीत असते. त्या दिवशी शुभवर्तमानात आकाशातल्या पाखरांचा उतारा आला. ती पेरत नाहीत, कोठारं भरत नाहीत, तरी देव त्यांना खायला घालतो. तेव्हा उद्याची चिंता करू नका, असं प्रभू येशू सांगतो तो उतारा. लहानपणापासून ऐकलेला. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "ऐकलंस ना?"

"पाखरांना पोस्टिंग नसतं, आई," मी म्हणालो.

ती हसली नाही. एवढी काळजी करून तू बाळाचं आयुष्य एका दिवसाने तरी वाढवणार आहेस का, असं तिने विचारलं. तेही त्याच उताऱ्यातलं. मला राग आला. ज्याला काही करता येत नाही त्याला गप्प बसवायला हे वाक्य बरं आहे, असं वाटलं.

पलटण मराठी होती. आमची पोस्ट उत्तरेच्या सीमेवर, एवढ्या उंचीवर की बुटाची नाडी बांधली तरी दम लागायचा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला बर्फाचा लांब उतार, आणि त्या उतारावरून खालच्या पोस्टकडे जाणारी दोरी. पोस्ट कमांडर सुभेदार शिंदे साहेब सातारचे, कमी बोलणारे. रोज सकाळी मी सगळ्यांची नाडी बघायचो, मोजे काढायला लावून पायाची बोटं तपासायचो, ऑक्सिजनचे सिलेंडर बघायचो. मग बर्फ काढायचं. दुपारी वायरलेसवर रिपोर्ट द्यायचा. संध्याकाळी पुन्हा बर्फ काढायचं.

हवालदार गणेश भोईर तिथेच भेटला. कल्याणजवळ खाडीच्या बाजूचा, आगरी. मी ठाण्याचा म्हटल्यावर त्याने मला गाववालाच करून टाकलं. जवान नर्सिंग असिस्टंटला डॉक्टर म्हणतात, तोही मला डॉक्टरच म्हणायचा. दोरीवर त्याच्याइतका पक्का माणूस पोस्टवर नव्हता. खालची ये-जा बहुतेक तोच करायचा. घरी त्याला धाकटी बहीण होती. तिचं लग्न, बापाच्या शेतावर येऊ घातलेल्या बिल्डिंगा, आईचे गुडघे, हे सगळं त्यालाही होतंच. फक्त तो त्याबद्दल एकदाच बोलायचा आणि मग उठून कामाला लागायचा. मला ते जमायचं नाही.

आठवड्यातून एकदा सॅटेलाइट फोन मिळायचा. मी रीनाला एकामागून एक प्रश्न विचारायचो. सोनोग्राफीत काय आलं, बीपी किती, पुढची तारीख कधी, तेव्हा सोबत कोण असेल. एकदा तिने मला मध्येच थांबवलं. "अंतोन, आज बाळ हललं. आजचं एवढंच आहे माझ्याकडे. ते घे." फोन कट झाला. मी ते घेतलं नाही. पुढच्या तारखेचाच विचार करत बंकरमध्ये आलो.

शिपाई कदमला खोकला सुरू झाला तेव्हा तीन दिवसांचं वादळ चालू होतं. वय कमी, पहिलीच उंचावरची पोस्टिंग. सकाळी तो चालता-बोलता होता. दुपारी बर्फ काढताना बसला तो उठला नाही. ओठ निळे, छातीत पाणी घुसळल्यासारखा आवाज, तोंडाला गुलाबी फेस. याला आम्ही हापो म्हणतो. उंचीमुळे फुप्फुसात पाणी भरतं. त्यावर खरा उपाय एकच, माणसाला खाली नेणं.

वायरलेसवर पलटणीचे डॉक्टर कॅप्टन साहेब आले. मी लक्षणं सांगितली.

"हेली निगेटिव्ह. वेदर क्लोज्ड. बॅग आणि ऑक्सिजनवर ठेव. ओव्हर."

"किती वेळ, सर? ओव्हर."

"हेली येईपर्यंत. आउट."

बॅग म्हणजे माणूस मावेल अशी जाड कापडाची पिशवी. त्यात पेशंटला झोपवायचं, चेन लावायची आणि पायाच्या पंपाने हवा भरत राहायची. आत दाब वाढतो आणि शरीराला वाटतं आपण बरेच खाली उतरलोय. पण पंप थांबवून चालत नाही. थांबला की आतली हवा संपते. बॅगमधून काढलं की ऑक्सिजन लावायचा, पुन्हा बॅग, पुन्हा ऑक्सिजन.

मी पंपावर उभा राहिलो आणि डोकं सुरू झालं. सिलेंडर उद्या संध्याकाळपर्यंत पुरेल. वादळ उद्या थांबलं नाही तर? थांबलं आणि हेलिकॉप्टर आलं नाही तर? कदमच्या घरी कोण सांगणार? त्यातून रीना, त्यातून बाळ. छाती माझीच भरून आल्यासारखी झाली. पाय चुकायला लागला. पंपाचा ठेका तुटला आणि खिडकीसारख्या प्लास्टिकमधून कदमचे डोळे माझ्याकडे बघताना दिसले.

तोंडात आलं ते ठरवून आलं नाही. लहानपणी आईने पाठ करून घेतलेली प्रभूची प्रार्थना आली. आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. तेवढीच ओळ मी पायाच्या तालावर म्हणत राहिलो. शेकडो वेळा म्हटलेली ओळ, पण तिच्यात "आज" आहे हे मला तिथे, त्या पंपावर कळलं. उद्याची भाकर मागायला त्याने शिकवलंच नव्हतं. मी देवाकडे महिन्यांचा रेशनसाठा मागत होतो आणि तो मिळत नाही म्हणून तडफडत होतो. आता एक पाय खाली, एक श्वास आत. कदमला तेवढंच हवं होतं. काळजी गेली नाही, पण पाय चुकायचा थांबला.

सकाळी बर्फ थांबला. दरी मात्र ढगांनी भरलेली होती, हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. भरलेले सिलेंडर खालच्या पोस्टवर होते. शिंदे साहेबांनी उतार बराच वेळ दुर्बिणीतून पाहिला. नवीन बर्फ खूप पडला होता. ते काही बोलायच्या आत भोईरने बूट बांधले होते. सोबत लान्स नाईक पवार.

मी त्याला धोक्याबद्दल बोलायला लागलो. ऊन चढल्यावर उतारावरचा बर्फ सुटू शकतो, संध्याकाळी कदाचित ढग हटतील, उद्या कदाचित हेली येईल. तो ऐकून घेत होता.

"डॉक्टर, उद्याचं सोडा. कदमला आज पुरेल काय?"

"संध्याकाळपर्यंत. पुढे नाही."

"मग आनतो."

शिंदे साहेबांनी परवानगी दिली. दोघं दोरीला लागले आणि दिसेनासे झाले. दुपारी खालच्या पोस्टने वायरलेसवर सांगितलं की दोघं सिलेंडर घेऊन परत निघालेत. आणखी बऱ्याच वेळाने मी बंकरच्या दारातून त्यांना पाहिलं. पुढे भोईर, मागे पवार, प्रत्येकाच्या पाठीवर एक सिलेंडर. ओरडलं असतं तर ऐकू गेलं असतं, इतके जवळ आले होते.

उतार सुटला तेव्हा मोठा आवाज झाला नाही. कापड फाटल्यासारखा झाला. मग तिथे कोणी नव्हतं.

पोस्टवरची होती नव्हती ती सगळी माणसं धावली. कदमच्या पंपावर एकाला उभं करून मीही गेलो. पवार कडेला फेकला गेला होता, त्याचा हात वर दिसत होता. तो जिवंत निघाला. भोईर दोरीच्या टोकाला, खोल होता. बाहेर काढला तेव्हा श्वास नव्हता. मी त्याची छाती दाबायला लागलो. किती वेळ दाबली सांगता येणार नाही. कोणी मला थांबवलं नाही. मग शिंदे साहेब शेजारी गुडघ्यावर बसले.

"परेरा. कदमचा सिलेंडर संपत आलाय. उठ."

मी उठलो. कदमला मी जो लावला तो भोईरच्या पाठीवरचा सिलेंडर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ उघडलं आणि हेलिकॉप्टर आलं. त्याने कदम आणि भोईर दोघांनाही एकाच फेरीत खाली नेलं. कदम वाचला.

बाळाच्या वेळेला मला रजा मिळाली. मुलगी झाली, धडधाकट, रडून दवाखाना डोक्यावर घेणारी. घरात सगळे आनंदात होते आणि मी घरात थांबू शकत नव्हतो. तिला झोप लागली की मी बाहेर पडायचो, कळव्याच्या पुलापर्यंत चालत जायचो आणि परत यायचो. ज्या ओळीने मला पंपावर उभं ठेवलं तीच आता म्हणता येईना. कदमला आजची भाकर मिळाली, मग भोईरला का नाही? पाखरांचा उतारा तर नकोच वाटायचा.

शेवटी आमच्या फादरना जाऊन विचारलं. ते म्हातारे होते, लगेच उत्तर देत नसत. भोईरला का नाही हे मला माहीत नाही, ते म्हणाले. मग विचारलं, पाखरांबद्दल बोलणारा स्वतः कधी घाबरला नाही असं तुला वाटतं का? त्यांनी मला गेथशेमनेच्या बागेची आठवण करून दिली. क्रूसावर चढवण्याच्या आदल्या रात्री प्रभू तिथे जमिनीवर पडून प्रार्थना करत होता. घामाघूम झाला होता. हा दुःखाचा प्याला टळू दे असं पुन्हा पुन्हा म्हणाला. सोबत्यांना जागं राहायला सांगितलं, ते झोपले.

"आणि शेवटी काय म्हणाला?" फादरनी विचारलं.

मला आठवलं. उठा, चला.

"प्याला टळला नव्हता," फादर म्हणाले. "तरी उठला. विश्वास म्हणजे तेवढंच, अंतोन. भीती संपायची वाट बघत बसू नकोस."

मी तिथे बाकावर रडलो. पोस्टवर रडलो नव्हतो.

त्याच आठवड्यात मी कल्याणला भोईरच्या घरी गेलो. जायला धजत नव्हतो, पण फादर म्हणाले ते उठणं मला तिथून सुरू करायचं होतं. अंगणातून नव्या टॉवरच्या क्रेन दिसत होत्या. त्याचे बाबा खाटेवर बसलेले. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.  त्यांनी विचारलं, "शेवटाला काय बोल्ला आमचा गन्या?"

मी सांगितलं. मग आनतो, असं म्हणाला.

म्हाताऱ्याने मान हलवली. "बाजारान कायतरी आनाला धारला तरी तेवराच बोलाचा."

त्याच्या आईने विचारलं की तो वाचलेला पोरगा बरा आहे का. बरा आहे म्हटल्यावर ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग माझ्यासाठी जेवण वाढून आणलं. बहिणीच्या लग्नात मी, कदम आणि पवार तिघं मांडवात उभे होतो.

आता मी रिटायर आहे, ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत काम करतो. मुलगी नर्सिंग शिकायला दुसऱ्या शहरात आहे, रीनाची शुगर वरखाली होते. काळजी अजून येते. रोज सकाळी उठायच्या आधी येऊन बसलेली असते. मी प्रभूची प्रार्थना म्हणतो, "आज" या शब्दापाशी थांबतो, आणि पाय जमिनीवर ठेवतो. एवढाच माझा उपाय. काही दिवशी तो दुपारपर्यंत टिकतो. मग पुन्हा म्हणतो.

नोव्हेंबरात आम्ही मृतांचा दिवस पाळतो. कबरस्तानात आईवडिलांच्या कबरीवर फुलं घालतो, मेणबत्त्या लावतो. एक मेणबत्ती जास्तीची असते. तिच्यासाठी तिथे कबर नाही, म्हणून ती भिंतीच्या कडेला, वारा लागणार नाही अशी लावतो. मुलगी लहान असताना विचारायची की ही कोणाची. आता ती लांब असते, पण त्या दिवशी न चुकता फोन करते आणि आधी तेच विचारते, लावली का म्हणून.

लावली, मी सांगतो. हवालदार गणेश भोईर, राहणार कल्याण.