‘दार बंद’चा शेरा

गोदा पाष्टेच्या घराची ओटी हेच गावचं पोस्ट. पालीपासून आत अकरा किलोमीटरवरच्या त्या गावात बावीस वर्षांपूर्वी तिला पोस्टमास्तरणीची ही नोकरी लागली, तेव्हा पोस्टाला जागाही आपणच द्यायची अशी अट होती. सासऱ्यांनी कणगी हलवून ओटीची डावी बाजू मोकळी करून दिली. तेव्हापासून गोदा त्या टेबलाला जी चिकटली ती चिकटलीच. रजा हवी तर बदली माणूस आपणच शोधायचा, आणि त्याने काही घोळ घातला तर निस्तरायचाही आपणच. माहेरच्या लग्नांनासुद्धा ती अक्षता टाकून उलट पावली परत यायची.

नवरा मुंबईला. मुलगी आरोही रत्नागिरीत नर्सिंग शिकत होती. तिच्याजवळ जाऊन राहायचं तर गोदापुढे एकच वाट होती, खात्याची पोस्टमनची परीक्षा; पास झालं की पक्की नोकरी आणि शहरातली नेमणूक. ती दोनदा थोडक्यात हुकली होती. या खेपेला तिने फॉर्म भरला होता आणि चुलीपाशी बसूनसुद्धा नियमांचं पुस्तक वाचत होती. वय अठ्ठेचाळीस. पन्नाशीनंतर परीक्षेला बसता येत नव्हतं.

तिच्या हाताखाली टपाल वाटायला दादूकाका होते. बासष्ट वर्षांचा सडपातळ माणूस, रोज तीन वाड्या पायी फिरायचा.

रजिस्टर पोस्ट बंद होऊन सगळं स्पीड पोस्टात गेलं, दर वाढले, आणि वाढल्या दराबरोबर नियमही वाढले. पत्र घेणाऱ्याच्या फोनवर ओटीपी यायचा, तो दादूच्या फोनमध्ये घातला की मगच पत्र हातात द्यायचं. नियम चांगलाच होता. पण वरच्या वाडीत रेंजच नव्हती. रेंज मिळायची ती डोंगरमाथ्यावरच्या कातळसड्यावर. तिथवर कोणाचा फोन घेऊन चढायचं आणि पत्र द्यायला परत उतरायचं, तर दीड तास मोडायचा. मग बाकीच्या दोन वाड्या कधी करायच्या?

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी दादू वरच्या वाडीतून परत आला तो आनंदीबाई घागांचं जाड पाकीट तसंच घेऊन.

“मास्तरीणबाय, म्हातारी ओट्यावरच बसलेली. पण तो नंबर काय येत नाय. तिच्या लेकाने, सुजयने, ठाण्याहून कायतरी कागद धाडलेत, सही करून द्यायचे हायत म्हणते. देऊन टाकू?”

“नको हो काका. नंबराशिवाय दिलंत तर तुमच्यावर येईल.”

“मग शेरा काय मारू?”

गोदाने दादूच्या फोनमधली शेऱ्यांची यादी पाहिली. पत्ता चुकीचा, घेण्यास नकार, दार बंद. ‘रेंज नाही’ असा शेरा त्या यादीत नव्हताच. आणि काहीच न भरता पाच वाजले की दुसऱ्या दिवशी शाखेच्या नावाने खुलासा मागणारी नोटीस यायची. परीक्षेच्या तोंडावर तिला एकही नोटीस नको होती.

“‘दार बंद’ मारा,” ती म्हणाली.

बुधवारीही तसंच झालं. गुरुवारी दादूला ताप भरला. शुक्रवारी तो आनंदीबाईचा फोन घेऊन धापा टाकत सडा चढला, नंबर मिळवला, खाली येऊन पाकीट दिलं. पण ते कागद ज्यासाठी होते, त्या जमिनीच्या मोजणीची तारीख गुरुवारीच होऊन गेली होती.

सुजयने ठाण्यात बसून पाकिटाचा सगळा प्रवास, ‘दार बंद’चे दोन्ही शेरे धरून, फोनवर पाहिला होता. त्याने आईला विचारलं, तर ती म्हणाली, “दार कुठचं बंद? मी भायेरच व्हते!” त्याने रीतसर ऑनलाइन तक्रार ठोकली.

चौकशीला समीक्षा मॅडम आल्या. जेमतेम तिशीच्या निरीक्षक, बोलायला मऊ. आधी वरच्या वाडीत जाऊन आल्या, मग ओटीवर बसून कागद काढले.

“माझ्या फोनलाही तिथे रेंज नव्हती. ते मी अहवालात लिहिणार आहे,” त्या म्हणाल्या. “पण दार उघडं असताना ‘दार बंद’ हा खोटा शेरा झाला, आणि तो दादूंच्या लॉगिनमधून गेलाय. त्यांना कामावरून दूर ठेवावं लागेल.”

दादू दाराशी उभा होता. “माझीच चूक हाय, मॅडम,” तो म्हणाला. गोदाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

गप्प राहिलं की झालं, तिला कोणी काही विचारलंही नव्हतं. परीक्षेला बावीस दिवस उरले होते. आणि समोर हा माणूस, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेला, घरी अंथरुणाला खिळलेली बायको.

“मॅडम, मला एक कोरा कागद द्या,” ती म्हणाली. “शेरा मी मारायला सांगितला. दोन्ही दिवस.”

समीक्षा मॅडमनी कागद काढला, पण हातातच धरला. “लिहून दिलंत तर मला ते मागे घेता येणार नाही, ताई.”

“माहीत आहे. पुस्तक पाठ आहे माझं.”

दादूला समज देऊन सोडण्यात आलं. गोदाला तीन वर्षं परीक्षेला बसायची बंदी झाली. पत्र तिच्याच पोस्टात आलं. तिने शिक्का मारला, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि मगच फोडलं.

आरोही फोनवर रडली. “आई, तीन वर्षांनी तुझं वय बसणार नाही. तुला कळलं नाही का हे?”

“कळलं गो. म्हणून तर मॅडमपुढे दोन मिनिटं बोलले नाय.”

शिमग्याला सुजय गावी आला. मोजणीची नवी तारीख मे महिन्यातली मिळाली होती. तो ओटीवर आला, पण बसेना.

“काकी, माझी तक्रार तुमच्यावर नव्हती. खात्यावर होती.”

“इथे खातं म्हणजे मीच ना रे,” गोदा म्हणाली. “तू बरोबरच केलंस. म्हातारी खरंच दारात बसली होती.”

त्याला आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण एवढ्यात पैसे काढायला दोन बायका आल्या आणि गोदा त्यांचे अंगठे घेण्यात गुंतली. तो तसाच पायऱ्या उतरून गेला.

वरच्या वाडीत रेंज अजून नाही. दादू नंबर मिळेल त्या दिवशी पत्र देतो, नाही मिळाला तर परत आणतो, आणि फोनमध्ये काहीच भरत नाही. मग सकाळी नोटीस येते, शाखेतली पत्रं प्रलंबित का? गोदा टेबलाशी बसून खुलासा लिहिते, ‘वाडीत नेटवर्क नाही. माणूस घरी होता.’ आठवड्यातून तीनदा तरी लिहावा लागतो. परीक्षेचं पुस्तक तिने शेजारच्या गावच्या पोस्टात कामाला असलेल्या दादूच्या सुनेला दिलं. तिचं वय सव्वीस आहे.