फुटक्या फरशीवरची उडी

नाचणाऱ्या लोकांचा मला अलीकडे राग येतो. मी स्वतः नाचते, नाच शिकवते, वीस वर्षं दुसरं काही केलं नाही, तरी येतो. स्टेजवरच्यांचा नाही, मोबाइलमधल्यांचा. दात घासायच्या आधी रील टाकणाऱ्यांचा, एकमेकींच्या खाली लाल बदाम डकवणाऱ्यांचा आणि वर ‘आपली डान्स फॅमिली’ म्हणणाऱ्यांचा. कसली डोंबलाची फॅमिली! एकीची स्टेप चालली की दुसरीच्या पोटात दुखायला लागतं. मीही त्यातलीच आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणं समजायला नको.

माझा क्लास कामशेतला, रंगाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खालून थिनरचा वास येतो, तासाभरात नाकाला सवय होते. हॉल मोठा आहे, उजेड छान, पण शहाबादी फरशी जुनी. खिडकीपासून तिसरी फरशी मधोमध फुटलेली आणि एक तुकडा वर आलेला. मालकाला सांगितलं की तो म्हणायचा, ‘बघू.’ तीन वर्षं तो बघत होता. एका मुलीचा अंगठा सोलवटला, तेव्हापासून त्या फरशीवर पाय द्यायचा नाही असा नियमच झाला. नाच कुठलाही असो, रांग खिडकीकडे सरकली की सगळ्याजणी टुणकन उडी मारून पलीकडे.

या उडीचं काहीतरी केलं पाहिजे, हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एका मुलीच्या. मुलगी म्हणजे वीसेक वर्षांची. वडिवळे धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी आहे. घरी भाताची थोडी शेती, आईबाप मजुरीलाही जातात, आणि ही वराळ्याच्या एका कंपनीत पॅकिंगला. रविवारी सुट्टी. डोंगर उतरून, मग जीपमध्ये कोंबून घेऊन ती क्लासला यायची आणि सगळ्यांच्या आधी पोचायची. अंगात नाच इतका, की मला कधीकधी तिचा हेवा वाटायचा. सहाव्या काउंटला बाकीच्या टुणकन उडायच्या; ही एक गुडघा वर घेऊन, क्षणभर हवेत थांबून, मान अशी काही वळवायची की बघणाऱ्याला वाटावं, नाचच तसा बसवलाय. मी ते बघितलं आणि म्हटलं, बस्स, हीच आपली स्टेप. मग सगळ्यांना तशीच शिकवली. 

पहिल्याच महिन्यात तिने मला बाजूला घेतलं होतं. 

“म्याडम, येक सांगू का? तुमी प्रॅक्टिसचा व्हिडिओ काडता, तो गुरपमदीच ऱ्हातो ना?”

“ग्रुपमध्येच. का गं?”

तिच्या मामेबहिणीच्या हळदीत ती नाचली होती आणि कुणीतरी ते शूट करून सोडून दिलं. फिरत फिरत ते कंपनीत पोचलं. जेवणाच्या सुट्टीत बायकांनी तिलाच दाखवलं, ही बघा हिरॉईन. खाली कुणी तिच्या रंगावर लिहिलेलं, कुणी वाडीवरच्या लोकांवर. “दोन म्हयनं मी डबा येकटीनं खाल्ला,” ती म्हणाली. “मला नाचायचंय, म्याडम. पन व्हिडिओ भाईर गेला तर मी यायची न्हाई. आत्ताच सांगून ठिवते.”

मी तिला शब्द दिला. डोक्यावर हात ठेवून दिला. पुढे जे काही झालं ते या शब्दाचं झालं.

आता दुसरी बाई. ही माझी जुनी विद्यार्थिनी. सहा वर्षं माझ्याकडे होती, मग लोणावळ्यात स्वतःचा स्टुडिओ काढला. भिंतभर आरसे, खाली गुळगुळीत लाकडी जमीन, वर रंग बदलणारे दिवे. वीकेंडला पुण्या-मुंबईची गिऱ्हाईकं वर्कशॉपला येतात, तिच्याबरोबर फोटो काढतात. चांगलं आहे. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, वाटलं. पण ते माझ्यापाशी.

एका मंगळवारी दुपारी माझ्या क्लासमधल्या एका आईने मला तिचं रील पाठवलं. ‘मॅडम, हे आपलंच ना?’ उघडलं. त्या चकचकीत जमिनीवर वीस मुली आणि माझाच नाच. हात तेच, वळणं तीच. मी अजून स्वतःला समजावत होते, की होतं असं, गाणं एक असलं की सुचतंही सारखं. तेवढ्यात सहावा काउंट आला आणि वीसच्या वीस मुली गुडघा वर घेऊन, मान वळवून, टुणकन उडाल्या. त्या आरशासारख्या जमिनीवर! फुटकी फरशी इथे, कामशेतला, आणि ह्या तिकडे लोणावळ्यात तिच्यावरून उड्या मारतायत! आधी मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. मग तळपायाची आग मस्तकात गेली. खाली लिहिलं होतं, ‘ओरिजिनल कोरिओ बाय मी.’ 

म्हणजे आमचा प्रॅक्टिसचा व्हिडिओ तिच्याकडे गेला होता. कसा गेला तेही कळलं. ग्रुपमधल्या एका आईने बहिणीला पाठवला, बहिणीची मुलगी लोणावळ्याला शिकते. इथे मी थांबायला हवं होतं. व्हिडिओ ग्रुपबाहेर गेलाय, म्हणजे माझा शब्द आत्ताच अर्धा मोडलाय, तेव्हा आधी त्या मुलीला सांग, एवढं साधं माझ्या टाळक्यात यायला हवं होतं. नाही आलं. टाळक्यात फक्त चोरी होती.

मी लोणावळ्याच्या बाईच्या रीलखाली लिहिलं, ‘ही कोरिओग्राफी माझी आहे.’ बस, एवढंच. तासाभरात फॅमिली धावून आली. ‘काकू, स्टेप कुणाच्या बापाची नसते.’ ‘शिष्या पुढे गेली की गुरूला मिरच्या झोंबतात.’ ‘आधी वजन कमी करा, मग क्लेम करा.’ मी एकेकाला उत्तर देत बसले, आणि तीच माझी चूक. त्या लोकांना उत्तर नको असतं, माणूस हवा असतो झोडायला. संध्याकाळी बाईसाहेबांनी स्वतः व्हिडिओ टाकला. केस मोकळे, नाक लाल, हात जोडलेले. “ज्यांना मी आईसारखं मानलं, त्यांनीच...” आणि मग घळाघळा. अगं भवाने, रडतानासुद्धा उजेडाकडे तोंड करून बसलीस! पण लोकांना तेच दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच क्लासमधल्या दोन आयांनी विचारलं, “मॅडम, नक्की काय झालंय?” त्यांच्या त्या ‘नक्की’ने मी पेटले.

पुरावा माझ्याकडे होता. प्रॅक्टिसचा व्हिडिओ, त्यात खिडकी, फरशी, वर आलेला तुकडा आणि त्यावरून उडी मारणाऱ्या मुली, सगळं स्पष्ट. आणि पहिल्या रांगेत, मधोमध, ती. तिच्याएवढं चांगलं कुणी नाचत नव्हतं म्हणून मीच तिला पुढे उभं केलेलं.

मला शब्द आठवला. खोटं कशाला बोलू, लख्ख आठवला. म्हणून मी तिच्या तोंडावर स्टिकर लावला, सूर्यफुलाचा. माणूस हलला की त्याच्या तोंडामागे फूल पळतं, असं ते ॲप. व्हिडिओ लावून बघितला तो सहाव्या काउंटपर्यंत. उडी येते, फरशी दिसते, फूल जागेवर. मला तेवढंच दाखवायचं होतं, मी तेवढंच बघितलं. ‘माझी कोरिओग्राफी, माझी फरशी, माझे कष्ट’ असं लिहिलं आणि बुधवारी दुपारी टाकून दिला. तिला फोन नाही केला. ती कंपनीत असेल, फोन लॉकरमध्ये असतो, असं मनाला सांगितलं. खरं तर ती नको म्हणेल ही भीती होती.

उडीनंतर दोन काउंटांनी गिरकी आहे. गिरकीत तोंड पाठीकडे गेलं की स्टिकरला तोंड सापडत नाही. तो तिथेच भिंतीवर लोंबकळत राहतो आणि मुलगी उघड्या तोंडाने समोर येते. पुन्हा सापडेपर्यंत दोन काउंट जातात. वीस वर्षं गिरक्या शिकवणाऱ्या बाईला हे कळू नये! दुसऱ्या कुणाला नाही कळलं तर ठीक, पण मला?

आणि मी जिंकले ना! धो धो जिंकले. आदल्या दिवशी मला काकू म्हणणारे ‘ताई, सलाम’ म्हणायला लागले. कुणीतरी दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावले, इकडे फुटकी फरशी, तिकडे गुळगुळीत, आणि उडी एकदम. लोक हसून लोळत होते. लोणावळ्याच्या पोरींना ‘हवेतला खड्डा’ म्हणत होते. त्या बिचाऱ्या पोरींचा काय दोष होता? पण मला दया आली नाही, गुदगुल्या झाल्या. मी एकेक कमेंट दोनदा वाचत होते.

गुरुवारी सकाळी त्यात एक दिसली: ‘पुढची पोरगी कोण आहे? काय नाचते!’ खाली कुणीतरी, ‘गिरकीत थांबवून बघा, तोंड दिसतं.’ त्याखाली चित्र. त्याखाली, ‘अरे ही तर आमच्या कंपनीतली.’ आणि मग तिचं नाव, आणि मग सगळं तेच, रंग, वाडी, ‘डोंगरावरून थेट इन्स्टावर’ आणि हसणारी तोंडं.

व्हिडिओ काढून टाकायला एक बोट लागतं. मी बोट नेलंही. पण लोणावळ्याच्या बाईने तिचं रील अजून काढलं नव्हतं, आणि मी आधी काढलं तर सगळे म्हणणार, बघा, खोटी होती म्हणून काढलं. तिने काढलं की मी काढते, असं ठरवलं. तिने शुक्रवारी संध्याकाळी काढलं. मग मी काढलं. कळल्यावरही दीड दिवस मी ते ठेवलं. कुणाला सांगताना मी ‘लगेच काढलं’ असंच सांगत आले. इथे पहिल्यांदा खरं लिहितेय.

शनिवारी त्या मुलीला चार फोन केले, तिने उचलले नाहीत. मला वाटलं ती येणार नाही. पण रविवारी ती आली, नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी. चप्पल काढली नाही. दारातच उभी. डोळे सुजलेले नव्हते, काही नाही, उलट फार शांत होती. मी मात्र तिच्या आधी सुरू झाले. सवयच ती, चूक झाली की आवाज चढवायचा.

“अगं, स्टिकर लावला होता मी! ॲपनं घोळ केला. आणि काढलं ना आता? आणि मी कुणासाठी भांडले? तुझीच उडी होती ती, तुझ्यासाठीच भांडले ना?”

“तितं तर ‘माजी’ लिवलंय,” ती म्हणाली.

मी ‘आत तरी ये’ म्हटलं, ती दारातून हलली नाही.

“मलाबी लय राग आलता, म्याडम,” ती म्हणाली. “लोणावळ्याचा त्यो व्हिडिओ मला मंगळवारीच दावला कंपनीतल्या पोरीनं. माजीच उडी, माजीच मान. माजं डोकंच फिरलं. म्हनलं, आता म्याडम फोन करतील. मी ठरवलंच व्हतं, म्याडमनी इच्यारलं तर म्हनायचं, टाका व्हिडिओ, माजं तोंड दिसूंद्या, नावबी लिवा. काय बोलायचं ते बोलूंद्या लोकांनी. बुधवारी सुट्टीत लॉकरपाशीच जाऊन बसले.”

“मग आता काय झालं?” मी म्हटलं. अजूनही मला वाटत होतं काहीतरी सावरता येईल. “तू हो म्हणणारच होतीस ना?”

“व्हय,” ती म्हणाली. “पन तुमी इच्यारलंच न्हाई.”

एवढं बोलून ती जिना उतरली. मी खिडकीतून बघितलं. ती रस्ता ओलांडून जीपपाशी गेली, आत जागा होती तरी सगळे बसेपर्यंत बाहेर थांबली, मग चढली. तेवढ्यात बाकीच्या मुली वर आल्या, त्यात त्या व्हिडिओमुळे आलेल्या पाच नवीन. सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. मी एकीला पुढे बोलावलं आणि काउंट तिला मोजायला सांगितले; मी खिडकीपासून हलले नाही.