साडूंनी न तपासलेलं घर

सर्व इष्टमित्रांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या साडूंनी नापास केली नाही अशी वस्तू पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत अजून जन्माला आलेली नाही. चाकणच्या एका कंपनीत त्यांची उभी हयात क्वालिटीत गेली. गाड्यांचे सुटे भाग नाकारता नाकारता माणसाला नाकारण्याचीच गोडी लागली. मंडईत वांगं उजेडात धरून फिरवणार, लग्नात खुर्ची हलवून बघणार. चारही पाय टेकले तरच स्वतः टेकणार. मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांना म्हणाले होते, "माल चालेल, पण डावा खांदा उतरलाय." लग्न झालं. खांदा अजून तसाच आहे.

कुणी फ्लॅट घ्यायचं म्हटलं की साडू खिशात गोटी टाकून हजर. ती फरशीवर सोडायची आणि कुठे घरंगळते ते उकिडवं बसून पाहायचं. मग बाथरूममध्ये बादली ओतून पाणी कुठे तुंबतं ते बघायचं. "साडूभाऊ, घर डोळ्यांनी नाही, संशयानं बघायचं," असं त्यांचं ब्रह्मवाक्य. वाकडला एका बिल्डरच्या माणसानं तर हातच जोडले, "काका, तुम्ही दुसरीकडे बघा राव!"

आणि या माणसानं स्वतःचा फ्लॅट तपासलाच नाही. म्हणजे तपासला, पण सॅम्पल फ्लॅट! गोटी, बादली, सगळे सोपस्कार त्या नटवलेल्या नमुन्यावर झाले. प्रत्यक्ष ताबा मिळाला ऐन दसऱ्याला. त्यांच्या बायकोला, आमच्या अक्काला, दमा. भाड्याच्या ओलसर खोल्यांत तिचा संसार गेलेला. कोरडं घर एवढंच तिचं मागणं. भटजी मुहूर्तासाठी घाई करत होते, अक्का कलश घेऊन दारात उभी होती. मी हळूच विचारलं, "गोटी?"

"आज नको," साडू म्हणाले. "तिचा चेहरा बघा."

पुढच्या पावसाळ्यात बेडरूमची भिंत पाझरू लागली. वरच्या मजल्यावरचं पाणी आतल्या आत उतरत होतं. अक्काचा दमा उसळला आणि ती महाळुंग्याला माहेरी, भावाकडे राहायला गेली. साडू एकटेच भिंतीशी झुंजत राहिले. प्लास्टर फोडलं, पुन्हा केलं, दिवसदिवस पंखे लावून बसले. दर रविवारी महाळुंग्याला जाऊन ते बायकोला भिंतीची तब्येत सांगत. तिची तब्येत विचारायचं धाडस मात्र होत नसे.

परवा त्यांनी मला मोठ्या थाटात बोलावलं. अक्काला परत आणलं होतं. साडूंनी भिंतीवर थाप मारली, पास झालेल्या पोराच्या पाठीवर मारावी तशी. अक्कानं पदर तोंडाशी धरला आणि दुसऱ्या हातानं पिशवीतल्या साड्या कपाटात लावायला घेतल्या.

"सुकलीय की वो," ती म्हणाली. "लई बरं वाटतंय मला."

पुढची साडी उचलताना ती थांबली. कपाटाला धरून नुसतीच उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. साडूंचा हात भिंतीवरून खाली आला आणि ते एकदम ओरडले,

"ठेव ती साडी! खोटं बोलू नकोस गं, तुझी छाती वाजतेय!"