मागे राहिलेला सूर

आई गेली तेव्हा मी अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये होते. व्हिसाचे कागद अडकलेले. "आत्ता देश सोडलात तर परत येता येईलच असं नाही," वकिलाने सांगितलं, आणि नागपूरला दादाने अग्नी दिल्याचं मी फोनवर ऐकलं. रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा डबा भरला, लाँड्री लावली. रोज देवापुढे दिवा लावत होते, पण हात जोडले तरी आत काही हलत नसे. देव आहे का, हा प्रश्नसुद्धा विचारायचं त्राण नव्हतं. झोपूनही न जाणारा एक थकवा तेवढा अंगात मुरला होता.

शेजारच्या गावात रूथमावशी राहत. लायब्ररीत ओळख झालेली. मावशी म्हटलेलं त्यांना आवडायचं. त्या मेनोनाइट, म्हणजे साधेपणाने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथातल्या. त्यांच्या प्रार्थनेत वाद्यं नसतात, सगळी मंडळीच चार सुरांत गातात. दर रविवारी दुपारी अशा गाण्यांचा अर्धा तास त्यांच्या चर्चतर्फे रेडिओवर लागे आणि गाणी मावशी निवडत. मी गाणं शिकलेली, म्हणून मला सोबत बसवत. "शब्द मी बघते, सूर तू बघ," म्हणत. रेकॉर्डिंग मात्र स्वच्छ हवं, यावर त्या ठाम. "आजारी माणसं ऐकतात गं. त्यांना चांगलंच द्यायचं."

एका शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. यजमानांना हार्ट अटॅक आला होता. "या वेळी तूच निवड, पाच गाणी. देव सुचवेल."

चर्चमागच्या खोलीत मी दुपारपर्यंत ऐकत बसले. चार गाणी कशीबशी ठरली. पाचवं मिळेना. प्रत्येकात स्वर्गाचा आनंद, आणि तो मला सोसवेना. शेवटी म्हटलं, "देवा, मला जमत नाही. तूच बघ." बंद पडलेल्या एका चर्चमधून आलेल्या खोक्यातली, हाताला लागली ती कॅसेट लावली. साधीच सामुदायिक प्रार्थना. कुणी खोकत होतं. एका बाईचा आवाज प्रत्येक ओळीत अर्धी मात्रा मागे राहायचा, शेवटाला कापायचा. पण बाकीचे थांबत नव्हते. तिचा श्वास संपला की त्यांचा सूर तिला पुढे नेत होता. मावशींनी ही टेप तिथल्या तिथे बाजूला ठेवली असती. पाचवं गाणं म्हणून मी तीच दिली. का, ते विचारायलाही मी फार दमले होते.

रविवारी श्रोत्यांचे फोन घ्यायला मावशींच्या जागी बसले. कार्यक्रम संपताच एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. आता बोलणी खायची, असं वाटलं.

"ते शेवटचं गाणं," ते म्हणाले, "त्यात मागे राहते ना, ती माझी मार्था."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"चव्वेचाळीस वर्षं सांगत होतो, जरा लवकर सूर धर. ऐकलं नाही कधी." ते हसले. "गेल्या महिन्यात गेली. घरात तिच्या आवाजाची एकही टेप नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही," मी म्हणाले, आणि तिथेच, अनोळखी माणसाच्या कानाशी, मला रडू कोसळलं. "माझ्या आईचा आवाजही माझ्याकडे नाही," एवढंच बोलता आलं. त्यांनी फोन ठेवला नाही. "रड बाळ," म्हणाले, "मला काही घाई नाही."

आठवड्याभराने मावशींचे यजमान घरी आले. त्या गृहस्थांना टेपची कॉपी मी स्वतः नेऊन दिली. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त माझ्या हातावर हात ठेवला.

हा योगायोग होता का, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. आई परत आली नाही, कागद पुढेही वर्षभर अडकलेलेच राहिले आणि थकवा आजही अधूनमधून येतो. पण तो आला की आता मी स्वतःला ओढत नाही. "माझ्याच्याने होत नाही," असं देवाला सांगते. त्या दिवशी मला याहून मोठी प्रार्थना येत नव्हती, आणि त्याने तेवढीच चालवून घेतली.