तपासनीस काकांचे पालथे पत्ते

सकाळी दूध उतू जाण्याच्या बेतात असतानाच दार वाजलं. शेजारचे निवृत्त तपासनीस काका पत्त्यांचा जोड घेऊन उभे.

"सूनबाई, पोकर शिकव. संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर तुझे सासरे मला डावातून काढणार."

काढणारच! काल काकांनी सगळ्यांचे झाकलेले पत्ते उलटून पाहिले होते. लोकांच्या गोदामांत झाकलेलं उघडण्यातच त्यांची सगळी नोकरी सरलेली.

मी ओट्यावर सात पत्ते मांडले. "चार उघडे, तीन पालथे. पालथे ज्याचे त्यानेच बघायचे. बाकीच्यांनी अंदाज बांधून बोली लावायची."

"लपवलंय म्हणजे गडबड असणारच!"

"गडबड नाही काका, तोच खेळ आहे."

काकांना पटलं. मग आपले तिन्ही पालथे पत्ते त्यांनी उलटून माझ्यापुढे सरकवले. "घे, तपासून घे."

पुन्हा समजावलं, पुन्हा तेच.

तेवढ्यात भिंतीपलीकडून काकू ओरडल्या, "त्यांना घरी नको गं पाठवूस! कालपासून माझे डबे उघडून बघताहेत!"

काकांनी पत्ते गोळा केले.

"खेळायला नका घेऊ म्हणावं. पण माझी खुर्ची तिथे राहू द्या, एवढं सासऱ्यांना सांग."